टोंगळ्याला करंट: टेन्सचं मशीन घरी कोणी वापरून राहिलं का?

खामलाकर | ६ एप्रिल, रात्री १०:१२

धाग्याचं नाव वाचून हसू नका, टोंगळा म्हणजे गुडघा, शब्द आईचाच आहे. आईचं वय ६९. दोन्ही टोंगळे पाचेक वर्षांपासून दुखतात, उजवा जास्त. एक्सरेत गॅप कमी झालेली दिसते. हाडाचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नाही, वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, पाट सोडून खुर्ची धरा. बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळे दुखण्याची गोळी रोज घ्यायला त्यांनी मनाई केली आहे.

मग एका ठिकाणी शेकाच्या दहा सिटिंग झाल्या. तिथला मुलगा चार पट्ट्या बांधायचा, "मावशी, मुंग्या आल्या का?" विचारायचा, आई हो म्हणायची की पडदा ओढून पसार. वीस मिनिटांनी टिंग. व्यायाम कोणी शिकवले नाहीत. एक झेरॉक्स कागद दिला, त्यावरची चित्रं इतकी काळी की पाय कोणता आणि उशी कोणती तेच कळत नाही. आईला एसीत छान डुलकी लागायची. घरी येऊन दोन मजले चढले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बहिणीने पुण्याहून टेन्सचं मशीन पाठवलं, म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देऊन दुखणं दाबणारं. १८५० रुपये, दोन वायरी, चार चिकट पॅड. आठवडाभर रात्री झोपताना लावलं. आईचा निकाल: "मच्छर चावल्यावानी वाटते, बाकी काही नाही." आता ते शोकेसच्या खणात भाच्याच्या फुटक्या मोबाइलशेजारी पडलंय.

हे खरंच काम करतं का? की गरम पाण्याची पिशवीच बरी? कोणी वापरलं असेल तर सांगा.

वऱ्हाडी_ठेचा | ६ एप्रिल, रात्री १०:३१

करंट म्हटलं की मले आमच्या वावरातला मोटारीचा डबा आठवते भाऊ. एकदा पावसाळ्यात ओल्या हातानं उघडला. दुखणं-बिखणं सोडा, दोन दिवस स्वतःचं नावही आठवून राहिलं नव्हतं.

आमची बुढी तर दर वर्षी पोळ्याच्या पाडव्याले पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला तो पुतळा, पाहाले जाते अन् "टोंगळेदुखी घेऊन जा गे मारबत" म्हणून वरडते. मारबत काही नेत नाही, पण गर्दीत दोन तास उभी राहते बुढी, तेव्हा टोंगळे कुठं जातात देवाले ठाऊक.

पट्टी_जेल | ७ एप्रिल, सकाळी ७:०५

खामलाकर, मी फिजिओ आहे, चौदा वर्षं झाली. तुमची पोस्ट वाचून राग आला, तुमचा नाही, त्या पडद्याचा.

दोन गोष्टी चुकल्या असं मला वाटतं. पहिली, करंट फार कमी होता. "मुंग्या आल्या का" हा प्रश्नच अर्धा आहे. टेन्समध्ये करंट असा हवा की जोरात झिणझिणलं पाहिजे, पण नकोसं वाटता कामा नये. मच्छर चावल्यासारखं म्हणजे मशीन नुसतं दारावर टकटक करतंय. शिवाय पाच-दहा मिनिटांत शरीराला त्याची सवय होते, झिणझिण विरते, तेव्हा आकडा पुन्हा एक-दोन घर वर न्यायचा असतो. पडद्याआड झोपलेल्या बाईचा आकडा कोण वाढवणार?

दुसरी चूक वेळेची. झोपताना टेन्स लावू नये. कूस बदलताना पॅड निघतं, चटका बसतो आणि कळतही नाही. आणि मुळात रात्री पडल्या पडल्या आईचे गुडघे कितीसे दुखतात? जिना चढताना दुखतात ना? मग मशीन तेव्हाच अंगावर हवं. टेन्सने आजार बरा होत नाही, गादी भरून येत नाही. चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर थोडा वेळ दुखणं दबतं. तेवढ्या वेळात चालून घ्यायचं, व्यायाम करून घ्यायचा.

पॅड वाटीवर नाही, वाटीच्या भोवती चार कोपऱ्यांत. एक वायर आतल्या बाजूला, वर-खाली, दुसरी बाहेरच्या बाजूला. फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला ठोके, ८० ते १०० हर्ट्झ, पल्सची, म्हणजे एका ठोक्याची, रुंदी १०० ते २०० मायक्रोसेकंद. मांडी उडायला लागली तर जास्त झालं, खाली आणा.

आधी एवढं सांगा: आईला शुगर आहे का? पेसमेकर? पायाला बधिरपणा? पोटरी सुजून गरम, लाल झालेली तर नाही ना?

शंकासुर | ७ एप्रिल, सकाळी ९:४८

ताई, आदर ठेवून विचारतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेविकार डॉक्टरांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स वापरू नका असं ठामपणे म्हटलंय. कोणते उपचार द्यावेत ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी नको म्हटलं आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठीही नको म्हटलं. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने तर २०१२ मध्येच जुनाट कंबरदुखीसाठी टेन्सचे पैसे देणं जवळपास थांबवलं. मग इथल्या प्रत्येक क्लिनिकमध्ये पडद्यामागे हेच का चालू असतं? पट्ट्या लावून पेशंट वीस मिनिटं गप्प बसतो म्हणून?

पट्टी_जेल | ७ एप्रिल, दुपारी २:२०

गप्प बसतो म्हणूनच, हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. आमच्या धंद्याला ते शोभत नाही.

पण तुम्ही म्हणता त्या सूचनांच्या मागचे अभ्यास काढून बघा. कितीतरी अभ्यासांत करंट किती होता याचाच पत्ता नसतो, किंवा "पेशंटला जाणवेल इतपत". अर्धी गोळी देऊन औषध चालत नाही म्हणण्यासारखं आहे ते. २०२२ मध्ये बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात ३८१ अभ्यास एकत्र करून पाहिले. टेन्स चालू असताना किंवा लगेच नंतर दुखणं खोट्या, म्हणजे नावापुरत्या लावलेल्या, टेन्सपेक्षा कमी असतं, असं त्यातून मध्यम खात्रीने निघालं. "लगेच नंतर" हे शब्द नीट वाचा. सहा महिन्यांनी गुडघा कसा आहे, हा प्रश्नच वेगळा.

२०२० चा एक अभ्यास मला जास्त पटतो. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार, असलेल्या बायकांना रोज दोन तास, तेही हालचाल करताना टेन्स लावायला सांगितलं, चार आठवडे. खोट्या मशीनपेक्षा खऱ्या मशीनने हालचालीच्या वेळचं दुखणं जास्त उतरलं. तो आजार गुडघ्याचा नाही, मान्य. पण वापरायची रीत बघा.

शंकासुर | ७ एप्रिल, दुपारी ३:०२

रीत पटली. निकाल राखून ठेवतो.

सर्किटराव | ७ एप्रिल, रात्री ८:५५

हिंगणा एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्समध्ये आयुष्य गेलं, म्हणून मशीनच्या पोटातलं थोडं सांगतो.

लोक करंटला घाबरतात, तर हिशेब करा. १०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० ठोके. प्रत्येक ठोका १०० मायक्रोसेकंदाचा. म्हणजे एका सेकंदात करंट वाहतो जेमतेम १० मिलिसेकंद, उरलेला ९९० मिलिसेकंद मशीन गप्प. म्हणून तर एवढ्याशा बॅटरीवर इतके दिवस चालतं. आणि चांगल्या मशीनमध्ये प्रत्येक ठोका आधी एका दिशेने आणि मग तेवढाच उलट दिशेने जातो. एकाच दिशेने ढकलत राहिलं तर पॅडखाली एकीकडे आम्ल आणि दुसरीकडे अल्कली जमतं आणि कातडी भाजते. स्वस्त मशीन घेताना हे बघायला हवं, पण खोक्यावर ते कोणी छापत नाही.

चटका का बसतो तेही सांगतो. पॅड अर्धं उचकटलं की तोच करंट उरलेल्या अर्ध्या जागेतून घुसतो. कोरडी, सुरकुतलेली कातडी असेल तरीही तेच, मग करंट एखाद्या ठिपक्यातून वाट काढतो आणि सुई टोचल्यासारखं होतं. पॅड लावायच्या आधी गुडघा साध्या पाण्याने धुऊन पुसा. खोबरेल लावलं असेल तर साबणाने. तेलावर पॅड म्हणजे डांबरावर तिकीट चिकटवणं.

आणि चार्जिंगला लावलेलं मशीन अंगावर लावायचं नाही. हे तुमच्या पोरापोरींनाही सांगा.

निळी_शाई | ७ एप्रिल, रात्री ९:३०

मी गुडघ्याला नाही, पाळीच्या दुखण्याला वापरते. पहिला दिवस माझा नेहमी वाया जायचा, ऑफिसात टेबलावर डोकं टेकून. गेली दोन वर्षं ओटीपोटावर खाली दोन पॅड, मशीन सलवारीच्या नाडीला क्लिप करून वर कुर्ता. कोणाला कळत नाही. एकदा मीटिंगमध्ये चुकून बटण दाबलं गेलं आणि मी "आई गं" म्हणून उठून उभी राहिले. साहेबांना वाटलं मला मुद्दा मांडायचाय. मांडला मग काहीतरी.

ताई म्हणतात तसंच, करंट दमदार लागतो. पहिल्या महिन्यात मी घाबरून दोनवर ठेवायची आणि शिव्या द्यायची. बंद केलं की अर्ध्या-एक तासात दुखणं परत येतं, मग पुन्हा लावायचं. गोळ्या बंद नाही झाल्या, चारच्या दोन झाल्या.

पट्टी_जेल | ७ एप्रिल, रात्री ९:४१

पाळीच्या दुखण्यात जास्त फ्रिक्वेन्सीच्या टेन्सला खरंच बऱ्यापैकी आधार आहे. फक्त दिवस राहिल्याची जराही शंका असेल तर पोटावर लावायचं नाही.

जुनी_वही | ८ एप्रिल, सकाळी ११:१५

विषय निघालाच आहे तर थोडं मागे जातो, मला मागे जायची खोड आहे.

पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य होऊन गेला. पायाच्या गाऊटला त्याचा उतारा असा: ओल्या समुद्रकिनाऱ्यावर उभं राहायचं, पायाखाली जिवंत काळा टॉर्पेडो मासा ठेवायचा आणि पाऊल ते गुडघा बधिर होईपर्यंत हलायचं नाही. या माशाला स्वतःची वीज असते. म्हणजे खामलाकरांच्या मातोश्रींचं मशीन दोन हजार वर्षांपूर्वी पोहत होतं.

मग एकदम १९६५. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात गेट कंट्रोल सिद्धांत मांडला, गेट म्हणजे दार. स्पर्शाचे जाड तंतू आणि दुखण्याचे बारीक तंतू पाठीच्या कण्यात एकाच दारात येतात, आणि जाड तंतूंनी गलका केला की बारकांसाठी दार लोटलं जातं. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, वॉल आणि विल्यम स्वीट यांनी ते करून पाहिलं. आधी स्वतःच्या चेहऱ्याच्या नसेवर, मग आठ रुग्णांवर. ०.१ मिलिसेकंदाचे ठोके, सेकंदाला १००. सर्किटरावांनी काल जो हिशेब मांडला तो हाच, ०.१ मिलिसेकंद म्हणजे १०० मायक्रोसेकंद. त्यांतल्या चौघांना दोन मिनिटांच्या करंटने अर्ध्या तासाहून जास्त आराम पडला. पुढे नॉर्मन शीली नावाचे अमेरिकन सर्जन दुखणं दाबायला कण्याजवळ करंटचं यंत्र बसवू लागले, तेव्हा कोणाला ते उपयोगी पडेल हे तपासायला आधी कातडीवरून करंट देऊन पाहत. त्या तपासणीनेच काहींचं भागायला लागलं. टेन्स असा वेगळा उपाय म्हणून पुढे आला.

वऱ्हाडी_ठेचा | ८ एप्रिल, दुपारी १२:०४

म्हणजे फाटक! नागपूरच्या इतवारीहून नागभीडले छोटी लाइनची रेल्वे जात होती तेव्हाचं. गाडी निघाली की फाटक पडे, अन् सायकलवाले, बैलबंडीवाले सारे गपचूप उभे.

जुनी_वही | ८ एप्रिल, दुपारी १२:२०

ठेचा, तुमच्या नकळत बरोबर बोललात. स्पर्शाचे जाड तंतू निरोप नेतात सेकंदाला तीस-चाळीस मीटर किंवा त्याहून वेगाने. ठणक वाहणारे सगळ्यात बारीक तंतू सेकंदाला एक-दोन मीटर, म्हणजे माणूस पायी चालतो तेवढं. फक्त तुमच्या छोट्या लाइनचा वेग आठवता उपमेत कोण कोणाला थांबवत होतं याची शंका येते. आणि फाटक हा अर्धाच भाग. शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्यं सोडतं, तोही भाग आहे, कमी फ्रिक्वेन्सीला ती एका प्रकारच्या कुलपात बसतात आणि जास्तीला दुसऱ्या.

महालकर_काका | ८ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

मी ७४ वर्षांचा. शुगर २२ वर्षांपासून. माझी चूक सांगतो, इतरांनी करू नये. तळपाय जळतात म्हणून मुलाचं मशीन घेतलं आणि तळव्याला पॅड लावले. काही लागेना. वाढवलं. लागेना. शेवटपर्यंत वाढवलं. अर्ध्या तासाने काढलं तर पॅडच्या कडेने लालभडक चट्टा, दुसऱ्या दिवशी फोड. बरा व्हायला दीड महिना लागला, रोज ड्रेसिंग. मशीनचा दोष नव्हता. माझ्या पायाला सांगायचीच शक्ती नव्हती.

पट्टी_जेल | ८ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

काका, लिहिलंत ते फार बरं झालं. बधिर कातडीवर टेन्स नाही. लावायच्या आधी दातकोरणं आणि कापूस घ्या, डोळे मिटायला सांगा आणि टोचतंय की मऊ लागतंय ते विचारा. नीट सांगता आलं तरच पॅड.

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं कोणतंही यंत्र असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही, छातीतून आरपार नाही, डोळ्यांवर नाही. फिट येत असतील तर मान-डोक्याजवळ नाही. जखमेवर नाही, कॅन्सरच्या जागी आपल्या मनाने नाही, आणि पायाच्या शिरेत गाठ असल्याची शंका असेल तर नाही. गाडी चालवताना आणि न्हाणीत तर नाहीच.

खामलाकर | ११ एप्रिल, रात्री ९:२२

शुगर नाही, पेसमेकर नाही, पोटरी ठीक. दातकोरण्याची परीक्षा घेतली. आईने डोळे मिटून सगळी उत्तरं बरोबर दिली आणि शेवटी म्हणाली, "आता पास का नापास ते सांग."

गेले तीन दिवस सकाळी सहाला लावतोय. त्यानंतर घराबाहेर पडायची सोय नाही, पारा ४३ वर गेलाय. आधी आकडा सातवर असायचा. आता चौदापासून सुरुवात आणि दहा मिनिटांनी सोळा. चौदाला आईचा चेहरा बदलला. "आता लागलं," म्हणाली, लिंबाचं सरबत नीट जमलं की म्हणते त्या सुरात.

वायरी सलवारीतून वर आणि मशीन मोबाइलच्या पाउचमध्ये गळ्यात. आमच्या गल्लीपासून भाजीच्या ठेल्यापर्यंत विजेचे अकरा खांब आहेत. आधी चौथ्या खांबाशी ती चबुतऱ्यावर बसायची. काल सात खांब गेली, आज सात. परत येऊन मशीन चालू असतानाच खुर्चीवरून उठ-बस दहा वेळा, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून पाच मोजायचे.

अडचण पॅडची. दुपारी एकदा लावून पाहिलं तर घामाने पॅड पोटरीकडे घसरत गेलं. कूलरसमोर बसवलं तर हवा दमट, तिथेही चिकटेना.

सर्किटराव | ११ एप्रिल, रात्री १०:०५

घामात दोन त्रास. जेल फुगून सुटतं, आणि घामाचा ओघळ एका पॅडपासून दुसऱ्यापर्यंत गेला की करंट आत जायच्या ऐवजी वरच्यावर पळतो. दोन पॅडांच्या मधे दोन बोटांचं तरी अंतर ठेवा आणि वरून जाळीची नी-कॅप चढवा. वापर झाला की पॅड त्याच्या प्लास्टिकवर परत लावून झिपच्या पिशवीत फ्रिजच्या दारात ठेवा. सुकलं तर बोटाने पाण्याचा एक थेंब फिरवायचा. तरी वीस-तीस वापरांनंतर ते मेलंच समजा.

शंकासुर | ११ एप्रिल, रात्री १०:३८

सात खांब ऐकून आनंद झाला, मनापासून. पण खामलाकर, तुम्ही एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या: करंट, सकाळची थंड वेळ आणि व्यायाम. शिवाय मुलगा रोज हात धरून सोबत चालतोय, ही चौथी. श्रेय कोणाला द्यायचं?

एक करा. रोज सकाळी नाणं उडवा. छाप आली तर मशीन चालू, काटा आला तर पॅड लावून मशीन बंद. चालणं, व्यायाम, वेळ सगळं तेच. खांब मोजून वहीत लिहा. आईला कळणारच आहे झिणझिण नाही म्हणून, त्यामुळे ही पक्की परीक्षा नाही. अभ्यासांतली खोटी मशीनं सुरुवातीला थोडे सेकंद करंट देऊन हळूच बंद होतात, तसलं आपल्याकडे नाही. तरी काही नसण्यापेक्षा बरं.

वऱ्हाडी_ठेचा | ११ एप्रिल, रात्री ११:०१

स्वतःच्या मायवर प्रयोग करून राहिले बावा हे लोक.

निळी_शाई | १२ एप्रिल, सकाळी ८:१२

चहाचंही लिहा वहीत. १९९५ मध्ये एका छोट्या प्रयोगात २०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावर टेन्सचा परिणाम पुसला गेला होता. चहाच्या कपात त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास असतं, त्यामुळे एका कपाने आभाळ कोसळत नाही. पण मी पाळीच्या दिवशी कॉफी टाळते. खरं-खोटं मला कळत नाही, सवय झाली.

खामलाकर | १२ एप्रिल, सकाळी ८:३०

आईचा चहा बंद करायचा? सहा वाजता? मला घरात राहायचंय. मशीन काढल्यावर देऊ.

पट्टी_जेल | १२ एप्रिल, दुपारी १:५०

नाण्याची कल्पना चांगली आहे, आणि तिचा एक फायदा शंकासुरांच्या लक्षात आला नसेल. रोज तेच सेटिंग, तेवढाच वेळ ठेवलं तर चार-पाच दिवसांत शरीर सरावतं आणि परिणाम उतरतो, असं प्रयोगांत दिसलंय. मधे सुट्ट्या पडल्या तर बरंच. मशीनवर मॉड्युलेशनचा मोड असेल तर अधूनमधून तो लावा, त्यात फ्रिक्वेन्सी आपोआप खाली-वर होते.

कोणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं, क्लिनिकमधलं आयएफटी आणि हे एकच का. नाही. आयएफटीत ४००० हर्ट्झच्या आसपासचे दोन करंट एकमेकांवर तिरके सोडतात, एक ४०००, दुसरा समजा ४१००, आणि जिथे भेटतात तिथे फरकाचे १०० ठोके मिळतात. मशीन मोठं, पट्ट्या चार, बिल मोठं. दुखण्यावरच्या परिणामात दोघांत फार मोठा फरक मला तरी कधी दिसला नाही. आमच्या क्लिनिकचे मालक हा धागा वाचत नसतील अशी आशा.

खामलाकर | ३ मे, रात्री ९:४७

उशीर झाला, लग्नसराई होती. वही समोर घेऊन बसलोय.

एकवीस दिवस झाले, त्यांतले दोन लग्नात गेले, उरले एकोणीस. छाप दहा वेळा, काटा नऊ वेळा. पहिल्या आठवड्यात मशीन चालू असलेल्या दिवशी सात किंवा आठ खांब, बंद असलेल्या दिवशी चार, पाच, पाच. दुसऱ्या आठवड्यात चालू आठ-नऊ, बंद सहा. तिसऱ्या आठवड्यात चालू असताना दोनदा थेट ठेल्यापर्यंत, म्हणजे अकराच्या अकरा, आणि बंद असताना आठ. एका चालूच्या दिवशी फक्त तीनच झाले, कारण तिसऱ्या खांबाशी आईची जुनी मैत्रीण भेटली आणि विषय सुनांचा निघाला. तो दिवस धरायचा की सोडायचा ते शंकासुरांनी सांगावं.

दुखणं दहापैकी किती, हेही विचारत होतो. तिथे काही मजा नाही. आई रोज "पाच" म्हणते. चार खांबांनाही पाच आणि अकरा खांबांनाही पाच. म्हटलं, अगं मग फरक काय पडला? म्हणाली, "फरक म्हणजे कोथिंबीर मी निवडून आणली ना आज. तू आणतो ती अर्धी सडकी असते."

शंकासुर | ३ मे, रात्री १०:२०

मैत्रिणीचा दिवस सोडा.

आकडे मी असे वाचतो: एकाच आठवड्यातले चालू आणि बंद दिवस लावून पाहिले तर मशीनचे दोन-तीन खांब. पण बंद दिवसही पाचावरून आठवर चढलेत, ते मशीनचे नाहीत. ते मांडीचे आणि सवयीचे. एका माणसाची वही आहे आणि आईला चालू-बंद कळत होतं, त्यामुळे मार्गदर्शक सूचनांशी माझं भांडण नाही. १८५० रुपये वाया गेले असं मनात म्हटलं होतं, ते मात्र मागे घेतो.

पट्टी_जेल | ३ मे, रात्री १०:३३

मी पण असंच वाचते. मशीनचे दोन खांब नसते तर पहिल्या आठवड्यात त्या चौथ्या खांबाला बसल्या असत्या आणि व्यायाम तिथेच सुटला असता, एवढीच माझी पुस्ती. आता आठवड्यातून दोन-तीनदाच लावा, लांब जायचं असेल त्या दिवशी. उठ-बस दहाची पंधरा करा, खुर्ची तीच ठेवा.

महालकर_काका | ४ मे, सकाळी ६:१५

अकरा खांब. वा. आमच्याकडून आईसाहेबांना नमस्कार.

खामलाकर | ९ मे, संध्याकाळी ७:३०

एक छोटी मदत हवी. पॅड संपले, आता नुसते पोस्टाच्या जुन्या पाकिटासारखे लोंबतात. सीताबर्डीत दोन दुकानं पालथी घातली, एकाने बटणवाले दाखवले, ते आमच्या वायरीला बसत नाहीत.

सर्किटराव | ९ मे, संध्याकाळी ७:५२

तुमची वायर पिनवाली आहे, बटणाची नाही. २ मिलिमीटरच्या पिनचे पॅड मागा. दुकानात वायरच घेऊन जा आणि काउंटरवर लावून बघा. मेडिकल चौकाच्या आसपास सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, तिथे मिळावेत. पाच बाय पाच सेंटिमीटरचे घ्या, लहान घेतले तर टोचेल.

खामलाकर | १० मे, रात्री ८:४०

मिळाले, दोन जोड्या घेतल्या. एक जोडी आईने लगेच कपाटात लपवली. कारण असं की वेटाळात बातमी पसरलीय. कालपासून तीन बाया "जरा आमच्या टोंगळ्याला लावून दे ना" म्हणून येऊन गेल्या, त्यांतल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना पेसमेकर आहे. आईला इथला ताईंचा निरोप वाचून दाखवला होता, तो तिच्या बरोबर लक्षात. काकूंना सरबत पाजून परत पाठवलं. आज बघतो तर मशीनवर पांढऱ्या चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात लिहिलंय: "डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणाला देऊ नये. मागितल्यास बिघडलं सांगावे."